मितेशच्या गाडीतली टकटक

यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर रात्र घेतली असती, अमावास्या घेतली असती, एखादं पिंपळाचं झाड उभं केलं असतं. हे घडलं रविवारी, भर दुपारी, रणरणत्या उन्हात. उरणजवळच्या द्रोणागिरीत, रिकाम्या रस्त्यावर.

गाडीत मी एकटाच होतो.

निदान मला तसं वाटत होतं...

माझं नाव सुगत. तुर्भे एमआयडीसीत माझा एक छोटा गाळा आहे, तिथे मी गाड्यांची इंजिनं ट्यून करतो. भूतखेत आमच्या घरात कोणी मानत नाही. असल्या गोष्टी सांगायला कोणी आलं तर आई चहा पाजते आणि पाठ वळली की हसते. मीही तसाच आहे. म्हणजे होतो.

गाळा आधी दोघांचा होता. माझा आणि मितेशचा. मितेश उरणकडच्या गावातला, आगरी. गाळ्यात बोलला तरी रस्त्यावर ऐकू जायचं. मी घुम्या, त्यामुळे आमचं छान जमायचं. तो बोलायचा, मी ऐकायचो.

मागच्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली.

"काय नाय रे सुग्या, चार दिस उसाचा रस पितो, मंग येतोच."

आला नाही. वाऱ्यासारखी गाडी चालवणारा माणूस खाटेवर गेला. अजून राग येतो मला.

मागे राहिली त्याची बायको सुचिता, म्हातारी आई गोजराबाई, आणि त्याची पांढरी टर्बो गाडी.

दिवसकार्य झालं आणि सुचितावहिनी गाळ्यावर आल्या. द्रोणागिरीतल्या एका गोदामाच्या ऑफिसात त्या नोकरी करतात.

"सुगतभाऊ, लोक म्हणतात गाडी विकून टाक. मी विकणार नाय. मीच चालवणार. तुमी दोघं त्यात ते पाण्याचं बसवणार होता ना? तेवढं बसवून द्या. त्यांचं राहिलेलं काम हाय ते. वर्षश्राद्धाच्या आत मिळाली पायजे."

मी हो म्हणालो. मग कितीतरी महिने गाडीवरचं कव्हर काढायची हिंमत झाली नाही.

आता हे पाण्याचं काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते. फार तापली की पेट्रोल आपल्या वेळेआधीच पेटतं आणि इंजिन आतून फुटायला लागतं. त्याला आम्ही नॉकिंग म्हणतो. ते होऊ नये म्हणून हवेच्या पाइपात पाण्याचा बारीक फवारा मारायचा, की हवा थंड होते आणि इंजिनकडून जास्त ताकद काढता येते. डिकीत पाण्याची टाकी, तिला पंप, तिथून पुढे इंजिनपर्यंत बारीक नळी. हे झालं वॉटर इंजेक्शन.

फक्त एक आहे. पाण्याच्या भरवशावर ताकद वाढवली आणि ऐनवेळी पाणी पोचलं नाही, तर पिस्टनला भोक पडतं. इंजिन खलास.

म्हणून ट्युनिंगला दोन माणसं लागतात. मितेश गाडी पळवायचा. मी डावीकडे बसायचो, मांडीवर लॅपटॉप, कानावर हेडफोन. हेडफोनची वायर थेट इंजिनला लावलेल्या माइकला. त्यात इंजिनच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. नॉकिंग सुरू झालं की गरम तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येतो.

कानावर हेडफोन, समोर इंजिनचा गोंगाट. बोलून काही कळायचं नाही. म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. डॅशबोर्डवर बोटाच्या पेराने मी वाजवायचो.

एकदा टक, म्हणजे आणखी दाब.

दोनदा टक टक, म्हणजे बास, पाय काढ.

खुणा मितेशच्याच होत्या. जेवणातून आलेल्या. हा बकाबका खायचा, तोंड कायम भरलेलं. वहिनींच्या डब्यातलं सुकटीचं कालवण मी वाढत असलो की डब्याच्या झाकणावर एकदा वाजवायचा. आणखी. पुरे झालं की दोनदा. घरीही तसंच, ताटावर. त्याची आई ओरडायची, "भिकाऱ्यासारका ताट नको वाजवू रं."

हे लक्षात ठेवा.

एप्रिलमध्ये मी टाकी बसवली, पंप बसवला, नळी मागच्या सीटखालून पुढे आणली. चालवायला दुसरा कोणीही मिळाला असता. पण मित्याच्या सीटवर परक्या माणसाला बसवणं माझ्या जिवावर आलं. एकट्याने ट्युनिंग करायचं नसतं, हे मीच नवीन लोकांना बजावतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

मी स्वतः त्याच्या सीटवर बसलो. लॅपटॉप डावीकडे, माझ्या जुन्या जागेवर, पट्ट्याने बांधला. कानावर हेडफोन चढवले.

द्रोणागिरीत असे रस्ते आहेत जे बांधून ठेवलेत, पण तिथे राहायला अजून कोणी आलेलं नाही. दिव्याचे खांब आहेत, फुटपाथ आहे, माणूस नाही. एका बाजूला कंटेनरच्या थप्प्या, दुसरीकडे खारफुटी. रस्त्याच्या शेवटी सिमेंटचे ठोकळे टाकलेत, त्यांच्यामागे खाडी. रविवारी गोदामं बंद असली की तिथे आपला श्वास ऐकू येतो.

मितेश आणि मी नेहमी इथेच यायचो.

गाडी पळवली. तिसरा गिअर. पाय पूर्ण खाली. डिकीतला पंप घुंई करून सुरू झाला. टाकी भरलेली, आवाज साफ. आकडे बघायला मी डावीकडे नजर टाकली, सगळं ठीक.

आणि...

टक टक.

माझा पाय आपोआप उचलला गेला. इतक्या वर्षांची सवय. फक्त आजवर ते वाजवणारा मी असायचो.

गाडी कडेला घेतली. वाटलं, काहीतरी सैल असेल. डॅशबोर्ड दाबून बघितला. घट्ट. बॉनेट उघडलं. सगळं जागच्या जागी. मग हवेच्या पाइपातला फवाऱ्याचा नॉझल काढून बघितला...

कोरडा ठणठणीत.

पाण्याचा एक थेंब पोचला नव्हता. मागची सीट उचलली तर नळी सीटच्या पायाखाली चिरडलेली. पंप ओरडत होता, पण पाणी जातच नव्हतं. आणखी थोडा वेळ पाय खाली असता तर मितेशचं इंजिन मी माझ्या हाताने संपवलं असतं.

लॅपटॉपवरची नोंद तपासली. नॉकिंग अजून सुरूच झालं नव्हतं.

म्हणजे इंजिनला कळायच्या आधी कुणाला तरी कळलं होतं.

मी त्या तापलेल्या रस्त्यावर बसलो आणि रडलो. घाबरलो नव्हतो, खरं सांगतो. वर्षभरात पहिल्यांदाच मला एकटं वाटत नव्हतं.

मग दर रविवारी जायला लागलो. जुईनगरला माझी एकट्याची खोली आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं होतं. जाताना दोन ऑम्लेट पाव बांधून घ्यायचो. एक मी खायचो, एक डॅशबोर्डवर ठेवायचो. रिकाम्या सीटशी गप्पा मारायचो. मी, घुम्या माणूस, तासभर बोलायचो. कोणी बघितलं असतं तर ठाण्याच्या वेड्यांच्या हॉस्पिटलात नेऊन टाकलं असतं.

पण टकटक पुन्हा झाली नाही.

कशी होणार? नळी नीट बसवली होती. पाणी नीट पोचत होतं. दर खेपेला गाडी सुधारत गेली आणि शेवटी इतकी सुंदर पळायला लागली की मित्याने शिट्ट्या मारल्या असत्या. काम संपलं होतं. वर्षश्राद्धाला एक आठवडा राहिला होता. गाडी धुऊन वहिनींच्या हातात किल्ली द्यायची, एवढंच उरलं होतं.

मला ती द्यायची नव्हती.

त्या शेवटच्या रविवारी मी जे केलं त्याला मूर्खपणाच म्हणतात. मी पंपाची वायर काढून ठेवली. मुद्दाम. मनात म्हटलं, पाणी नसलं की तो बास म्हणेलच. एकदा ऐकतो आणि मग गाडी देऊन टाकतो.

रस्ता नेहमीसारखाच रिकामा. खाडीवरचा वारासुद्धा पडलेला.

तिसरा गिअर. पाय खाली.

डिकी गप्प. पंप नाही, फवारा नाही. हेडफोनमध्ये इंजिनाचा आवाज चढत गेला. मग पहिली मोहरी तडतडली...

"मित्या," मी मोठ्याने म्हणालो, "बोल की."

तडतड वाढली. समोरचे सिमेंटचे ठोकळे मोठे व्हायला लागले.

आणि आली.

टक.

मी दुसऱ्या टकची वाट बघितली...

आलीच नाही.

डाव्या बाजूला, माझ्या जुन्या जागेसमोर, डॅशबोर्डवर स्पष्ट वाजलं होतं. एकदाच. पाय कसा काढला, ब्रेक कधी दाबला, आठवत नाही. गाडी ठोकळ्यांच्या पुढ्यात वाकडी होऊन थांबली. टायरचा जळका वास. मी इंजिन बंद केलं. 

सगळं शांत. हेडफोन कानावरच होते. बंद इंजिनमधून ऐकायला काही नसतं. लोखंड थंड होताना बारीक आवाज करतं, तेवढंच. तो मला ओळखता येतो.

हा तो नव्हता.

टक.

थोड्या वेळाने पुन्हा...

टक.

हळू, सावकाश. जेवायला बसलेल्या माणसासारखं.

हेडफोन फेकून मी गाडीबाहेर पडलो. कितीतरी वेळ उन्हात लांब उभा होतो. शेवटी ओळखीच्या टोइंगवाल्याला बोलावलं आणि गाडी ओढत गाळ्यावर नेली. तो म्हणाला, "शेठ, बॅटरी गेली काय?" मी हो म्हटलं.

वर्षश्राद्धाला गेलो. जाताना ठरवून गेलो, काही बोलायचं नाही. मितेशच्या नावाचं पान वाढलं होतं. गोजराबाई पानासमोर बसल्या होत्या, हलायला तयार नव्हत्या.

"माजा पोर भुकेला हाय," एवढंच म्हणत होत्या. "जेवान त्याला पोचतच नाय."

माणसं पांगल्यावर वहिनी मागच्या पडवीत माझ्याजवळ आल्या.

"सुगतभाऊ, हसू नका. एक विचारू?"

"विचारा."

"आठ दिवस झाले. रात्री आमी दोघी जेवायला बसलो का आवाज येतो. ताटावर वाजवल्यासारका. सासूबायना पन येतो. मंग मी त्यांचं ताट मांडते, वाढते. ते तसंच रायतं. आनी परत येतो."



"किती वेळा वाजतं?"

"एकदाच," वहिनी म्हणाल्या. "सगळं वाढून झालं तरी एकदाच. त्यांना आनखी काय पायजे असंल हो?"

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. काय पाहिजे ते मला त्या रस्त्यावर कळलं होतं. भात नको होता त्याला, कालवण नको होतं. सोबत हवी होती. वर्षभर मी इथे एकटा होतो, तसाच तोही कुठेतरी एकटा होता. पहिल्या वेळी त्याने मला वाचवलं. त्यानंतर मी दर रविवारी त्याच्याशेजारी जाऊन बसलो, खाऊ घातलं, बोललो. त्याला सवय लावली. मग गाडी तयार झाली, मी निघणार, हे त्यालाही कळलं असणार.

की हा मितेश नव्हताच? दोन टक त्याच्या होत्या आणि एक टक दुसऱ्याच कुणाची? रोज विचार करतो. 

"आवाज आला तरी आता ताट मांडू नका," मी म्हणालो.

"का?"

मी चपला शोधायला लागलो.

"आनी गाडी?"

"एक पार्ट यायचाय, वहिनी. परदेशातून. उशीर होतोय."

तेव्हापासून हीच थाप मारतोय. गाडी गाळ्याच्या कोपऱ्यात कव्हरखाली उभी आहे. डिकीतल्या टाकीत पाणी तसंच आहे. पंपाची वायर मी पुन्हा जोडून ठेवली, हेडफोन मात्र गाडीतच पडलेत, ते काढायला हात घालवत नाही. त्या कोपऱ्याजवळ काम असलं की मी रेडिओ मोठा लावतो.

परवा वहिनींचा फोन आला. रागावल्या नव्हत्या, उलट मलाच समजावत होत्या. ताट मांडायचं त्यांनी बंद केलंय, पण आवाज थांबलेला नाही.

"पार्ट येईल तवा येईल," त्या म्हणाल्या. "तवर गाडी अधनंमधनं चालू करत जा, भाऊ. एकटीच उभी हाय ती. आनी मी काय म्हनते, मीच येऊन बसू का तिच्यात जरा वेळ? बरं वाटंल मला."

"नको," मी म्हणालो. बहुतेक ओरडूनच म्हणालो असेन. त्यांनी फोन ठेवला.

एवढ्यासाठीच हे लिहिलं. वहिनींना आता वाटत असणार, मी गाडी बळकावली. गावात तसं बोलायलाही लागलेत. बोलू देत.

ज्या दिवशी त्या कव्हरखालून दोनदा ऐकू येईल, त्या दिवशी किल्ली त्यांच्या हातात नेऊन देईन.

अजून तरी एकदाच येतं.