मधल्या खोलीतला वळसा

हे खरं आहे. पटलं तर वाचा, नाही तर खाली सरका. लोकांना पटवत बसायचा मला आता कंटाळा आलाय.

आणि आधीच सांगतो, यात अमावास्या नाही, स्मशान नाही, रात्रसुद्धा नाही. मे महिना, जळगावची भर दुपार. रस्त्यावर कुत्रंही फिरकत नव्हतं. आत एसी परवडत नाही म्हणून कूलर खडखडत होता. तिथे हे झालं.

मी योगेंद्र. मी आणि दिपमाला मिळून व्हीआरचे छोटे गेम बनवतो. डोळ्यांवर हेडसेट बांधला की तुम्ही दुसऱ्याच जागी उभे असता, ते. प्रोग्राम मी लिहितो, खोल्या आणि वस्तू ती घडवते. एका बंद पडलेल्या शिकवणीचा हॉल आम्ही भाड्याने घेतलाय. बाकं काढून टाकली, त्यामुळे खेळणाऱ्याला स्वतःच्या पायांनी खरंखुरं चालता येतं.

आमचे दोन गेम आपटले होते. हा तिसरा. जूनमध्ये बंगळुरूच्या एका प्रदर्शनाला पाठवायचा होता.

"हा नाही चालला तर मी पुण्याची नोकरी धरते," दिपमालाने सांगून टाकलं होतं. "घरचे आता ऐकत नाहीत रे."

ती गेली की दुकान बंद. मला एकट्याला हे जमणार नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

गेम अगदी साधा. रिकाम्या घरात शिरायचं. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर. किल्ली शोधायची आणि मागच्या दाराने बाहेर पडायचं. भुताचा गेम नव्हता तो. मुद्दाम सांगतोय.

घर मात्र खरं होतं. धुळ्याला देवपुरात, माझ्या लोटनमामाचं. मामा मार्चमध्ये गेले. घर आधीच विकलेलं, दिवसकार्य उरकलं की पाडणार होते. म्हणून सुतकातच, सगळे अंगणात बसलेले असताना, मी घाईघाईने मोबाइल फिरवून तिन्ही खोल्या स्कॅन करून आणल्या. पुढची साफसफाई दिपमालाने केली.

पहिला टेस्टर, म्हणजे आधी खेळून चुका सांगणारा, शेहजाद. खालच्या मोबाइल दुकानाचा मालक. तोंडाने फटकळ, म्हणून मुद्दाम त्याला बोलावतो. हेडसेट चढवला, पुढच्या खोलीत शिरला, दिपमालाच्या कामाला शिव्या घालत मधल्या खोलीत गेला.

आणि गप्प झाला.

भिंतीला अंग घासत, हळूहळू वळसा घालून तो स्वयंपाकघरात पोहोचला.

"सरळ का नाही गेलास?" मी विचारलं.

"अरे, मधे जागा कुठंय?"

"रिकामीच आहे की खोली."

"हो, रिकामीच आहे," तो म्हणाला. मग हेडसेट काढून माझ्याकडे बघत बसला. "मग मी असा का गेलो यार?"

मी म्हटलं, बग असेल. फरशीवर एखादी न दिसणारी वस्तू राहिली असेल, अंगाला अडत असेल. अख्खी दुपार शोधलं. काही नव्हतं. चार वेळा स्वतः त्या खोलीतून चाललो, कशालाच अडलो नाही. डोकं फिरलं माझं. बग असेल तर दिसू दे ना, निदान शिव्या तरी घालता येतील.

दुसऱ्या दिवशी रूही आली. ती कॉम्प्युटर क्लास घेते, शांत स्वभावाची. पुढच्या खोलीत माझ्याशी मोठ्याने बोलत होती. मधल्या खोलीच्या दाराशी आली आणि तिचा आवाज उतरला…

"इथे कोण झोपलंय?" ती कुजबुजली.

"कोणी नाही."

"आहे. मी आल्यावर मान उचलून दाराकडे पाहिलं त्यांनी. मग परत ठेवली."

"रूही, त्या खोलीत एक कपाट, एक खुर्ची आणि एक कॅलेंडर आहे. माणूस आम्ही बनवलेलाच नाही. आम्हाला माणूस बनवता येत नाही, म्हणून तर घर रिकामं ठेवलंय."

तीसुद्धा वळसा घालूनच गेली.

त्या आठवड्यात जो आला त्याने तेच केलं. कोणी म्हणे खोकला ऐकू आला. कोणी म्हणे औषधाचा वास आला. वास! हेडसेटमधून! मी चिडून दोघांना हाकलून दिलं. मला वाटलं शेहजादने गावभर पसरवलंय आणि सगळे मिळून माझी मजा घेतायत.

मग दिपमालाने एक काम केलं. खेळणारा कुठून कुठे चालला, त्याची रेघ गेममध्ये साठते. तिने सगळ्यांच्या रेघा एकाच नकाशावर टाकल्या.

पुढच्या खोलीत नुसता गुंता. स्वयंपाकघरात गुंता.

मधल्या खोलीत मात्र सगळ्या रेघा भिंतीच्या कडेने… आणि मधोमध एक कोरी जागा.

लांबट. माणूस आडवा झाला तर मावेल एवढी.

मी दिपमालाला म्हटलं, "काढून टाक ती खोली. पुढच्या खोलीतून थेट स्वयंपाकघर जोड." तिने काढली. गेम चालू केला तर बंद पडला. खोली परत टाकली, चालला. पुन्हा काढली, पुन्हा बंद. तीन दिवस हाच तमाशा. प्रदर्शनाची तारीख डोक्यावर, आणि मी एका खोलीशी भांडतोय. त्या तीन दिवसांत मी दिपमालाला नको ते बोललो. तिने पुण्याला फोन केल्याचं मला कळलं होतं.

चौथ्या दुपारी आई डबा घेऊन आली.

माझी आई, सुनंदाबाई. लोटनमामांची धाकटी बहीण. मामा शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा ती जळगावहून निघाली होती. पारोळ्याजवळ रस्त्यावर झाड पडलं आणि गाड्या अडकल्या. ती पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दाराशी कोणाचंही पाऊल वाजलं की मामा मान उचलून बघायचे, असं मामी सांगत होत्या. सुनंदा आली का, एवढंच विचारायचे. तिच्या हातचं पाणी पाहिजे म्हणायचे. आईने त्यानंतर मामांचं नाव काढलं नव्हतं.

मी तिला काही सांगणार नव्हतो. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर मधली खोली उघडी होती.

आई डबा हातात धरून पडद्याकडे बघत राहिली.

"हे भाऊचं घर," ती म्हणाली. "पीठ कुठे गेलं इथलं?"

"कसलं पीठ?"

"त्याला जिथे ठेवलं होतं तिथे पीठ पसरलं होतं. वर दिवा, दिव्यावर टोपली. तो दिवा दिवसकार्य होईपर्यंत हलवायचा नसतो. तुझ्या मोबाइलमध्ये आलं असेल ना?"

मी दिपमालाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

"फरशीवर पांढरा डाग होता आणि वर एक गोळा," ती म्हणाली. "मला वाटलं स्कॅन बिघडलाय. मी पुसून टाकला, मावशी. शेजारच्या फरशीचा तुकडा चिकटवला त्यावर."

आई तिला रागावली नाही. डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "मला बांध ते."

मी नाही म्हटलं. तिला चक्कर येते, बीपी आहे, सगळं सांगितलं. तिने हेडसेट स्वतःच उचलून डोक्यावर चढवला. शेवटी पट्टा मीच आवळला.

ती पुढच्या खोलीत थांबली नाही. मधल्या खोलीत शिरली. भिंतीकडे सरकली नाही. सरळ त्या कोऱ्या जागेपर्यंत गेली आणि आमच्या हॉलच्या फरशीवर मांडी घालून बसली.

"भाऊ, मी उनू ना," ती म्हणाली. म्हणजे, मी आले ना.

हातातले दोन्ही कंट्रोलर तिने बाजूला ठेवले. एका हाताने हवेतच कोणाची तरी मान उचलली. दुसरा हात त्याच्या तोंडाशी नेला.

"ले, पानी पे."

कूलर चालू होता. तरी मला ऐकू आलं…

घोट. एक. मग दुसरा.

दिपमालालाही ऐकू आलं. तिने माझं मनगट धरलं होतं, त्याचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

आई बराच वेळ तशीच बसली. मग तिने अलगद मान खाली ठेवल्यासारखं केलं, हेडसेट काढला आणि डबा उघडून आम्हाला जेवायला वाढलं. चेहरा अगदी मोकळा. मार्चपासून मी तिला असं बघितलं नव्हतं. मला रडू आलं, हे लपवत नाही.

त्यानंतर टेस्टर सरळ चालायला लागले. शेहजाद मधल्या खोलीच्या मधोमध उभा राहून दिपमालाला नावं ठेवायला लागला. आम्ही गेम पाठवला. निवडला गेला. पावसाळ्यात तो इंटरनेटवर विकायला ठेवला, आणि आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच लोक आमचा गेम घ्यायला लागले. दिपमालाने पुण्याच्या नोकरीला नकार कळवला. आपण सुटलो, असं मला वाटलं.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

घरी आई अधूनमधून उठायची, ग्लास भरायची आणि दारापर्यंत जायची. दारात कोणी नसायचं. ती थोडा वेळ उभी राहायची आणि परत यायची. मी म्हटलं, वय झालंय, दुःख आहे, जाईल हळूहळू.

मग नाशिकच्या एका खेळणाऱ्याने तक्रार पाठवली.

"गेम छान आहे. मधल्या खोलीतल्या आजी तर फारच आवडल्या. पण एक बग आहे. त्या पाणी देतात तेव्हा ग्लास हातात येत नाही. नीट करा."

मी दहा वेळा वाचलं.

दुसरी तक्रार आली. तिसरी आली. कोणी लिहिलं, पदर डोक्यावरून घेतलेल्या बाई किती खऱ्या वाटतात. कोणी लिहिलं, पाणी नाही घेतलं की त्यांचा चेहरा पडतो. आमच्या गेममध्ये बाई नाही. ग्लास नाही. मी आणि दिपमालाने प्रत्येक फाइल उघडून बघितली.

त्या संध्याकाळी आई पलंगावर पाय चेपत बसली होती.

"आज लय पाव्हना उनात रे," ती म्हणाली. "बठ्ठास्ले पानी दिधं. कोणी घेतच नाही."

सगळ्यांना पाणी दिलं म्हणे, पण कोण पाहुणे, ते विचारायचं माझं धाडस झालं नाही.

मी त्याच रात्री गेम बंद केला. दिपमालाला न विचारता. विक्री थांबवली, कोणालाही उघडता येणार नाही असं केलं. दिपमाला सकाळी माझ्यावर ओरडली, मी ऐकून घेतलं.

आई उठली नाही. झोपलेलीच. डोळे उघडे, दाराकडे. मी हाक मारली, तिने मला ओळखलं नाही. चहा नाही, जेवण नाही. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले सगळं ठीक आहे. दुपारी तिने एवढंच विचारलं, "आज कोणीच का नाही आलं?" मग तेही विचारायची थांबली. श्वास इतका हळू चालत होता की मी तिच्या छातीवर हात ठेवून बसलो होतो.

मी दिपमालाला फोन केला. म्हटलं, चालू कर.

काही वेळाने आई उठून बसली. केस सारखे केले. माझ्याकडे बघून म्हणाली, "योगू, जेवलास का?" आणि ग्लास शोधायला लागली.

त्याला आता पाच महिने झाले. गेम चालू आहे. दिपमाला म्हणते, पुढच्या महिन्यात जपानी आणि इंग्रजीत काढू, मग बघ किती लोक येतील. मी तिला हो म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही.

आईचे पाय सुजलेत.