पलीकडचं तेल

डार्ला वासिलीचं काम पोटावर झोपून करायचं होतं. हे ती कुणाला सांगायला गेली की समोरचा फिदीफिदी हसायचा आणि तिचं डोकं सटकायचं. म्हणून हल्ली ती सांगतच नसे.

तेल वाहणाऱ्या अवाढव्य विमानाच्या पार शेपटीकडे एक अरुंद खोपटं, त्यात एक गादी. गादीवर पालथं पडायचं, हनुवटी टेकवायची, समोर काच. काचेखाली ढग, ढगांखाली बेरिंगचा समुद्र. मग एखादं लढाऊ विमान दूध प्यायला आलेल्या पिल्लासारखं हळूच खालून वर सरकायचं आणि डार्ला लांब नळी सोडून त्याच्या पाठीवरच्या भोकात नेमकी बसवायची. नळी बसली की वैमानिकाने म्हणायचं, "जोडलं." तिनेही म्हणायचं, "जोडलं." तेल पाजून झालं की "सोडलं", "सोडलं". दोघांनी म्हटल्याशिवाय काम पुरं होत नाही. त्यात हयगय केली तर दोन विमानं एकमेकांवर आपटतात, म्हणून हा नियम कुणी मोडत नसे. डार्लाही नाही, आणि ती बाकी बरेच नियम मोडायची.

तेल प्यायला येणाऱ्यांत तिचा धाकटा भाऊ ऑरिन असायचा. तो कॅप्टन, ही सार्जंट. जमिनीवर भेटला की हिने त्याला सलाम ठोकायचा. "याचा शेंबूड मी पुसलाय," असं ती सलाम ठोकतानाच म्हणायची, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

वर हवेत मात्र हिशेब उलटा. वर ती देणारी आणि तो मागणारा. नळी बसली की ती खिशातून धुरावलेल्या साल्मनची पट्टी काढायची, काचेला लावायची, त्याला नीट दिसेल असं धरायची आणि मग सावकाश खायची. खाली ऑरिन मूठ दाखवायचा. अख्ख्या तळाला हा खेळ माहीत होता.

मासा आईच्या हातचा. त्यांच्या गावी, डिलिंगहॅमला, घरामागे आईची धुराची झोपडी होती. आल्डरच्या लाकडाचा धूर, वर थोडी काळी साखर. लहानपणी पहाटे बाबांची होडी सुटायच्या वेळी ऑरिन अजून पानावरच असायचा. डार्ला धक्क्यावरून ओरडायची, "ए बाजीराव, भरती थांबत नाही तुझ्यासाठी!" आणि आई खिडकीतून म्हणायची, "थांब गं. जेवतोय तो."

मार्चमध्ये आई गेली. फ्रीजरमध्ये माशाची पाकिटं राहिली, ती डार्लाने उचलली. ऑरिन म्हणाला, अर्धी मला दे. ती म्हणाली, तू अंत्यविधीला एक दिवस उशिरा आलास, तुला कसली अर्धी. त्यावर तो काही बोलला नाही. तेच तिला जास्त लागलं. तो भांडला असता तर तिने दिली असती.

ऑक्टोबरात एके दिवशी जेवायच्या वेळेला अस्वलं आली. चार पंख्यांची ती जुनी रशियन बॉम्बफेकी विमानं, त्यांना सगळे अस्वलंच म्हणायचे. दर काही दिवसांनी ती आपल्या हद्दीच्या कडेकडेने रेंगाळत जायची. दोन लढाऊ विमानांनी जाऊन त्यांच्या शेजारून उडायचं, फोटो काढायचे, हात हलवायचे आणि ती परत फिरेपर्यंत सोबत करायची. पोचवायला गेल्यासारखं. पुढे मेजर स्टॉकर, मागे ऑरिन.

जायच्या आधी दोघं तेल घ्यायला आली. डार्लाच्या खिशात शेवटची पट्टी होती. सकाळपासून सर्दीने तिचा घसा बसलेला, डोकं जड, त्यात ऑरिनने नळीखाली येताच विचारलं, "शेवटची का गं?"

"शेवटचीच."

"मग अर्धी ठेव ना, डार्ले."

तिने काचेला लावली आणि सगळी खाल्ली. बोटंसुद्धा चाटली.

या वेळी त्याने मूठ दाखवली नाही. "सोडलं," एवढंच म्हणाला आणि खाली सरकला.

मग नेहमीचंच. स्टॉकरचा आवाज रेडिओवर, "दोन अस्वलं. शेपटीतला गडी हात हलवतोय. दाढी वाढवलीय त्याने." मध्येच ढगाचा एक पट्टा आला. ऑरिन त्यात शिरला आणि जरा वेळ दिसला नाही. मग दिसला. अस्वलं माघारी वळली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

परत येताना स्टॉकर आधी आली. टाकी अगदी तळाला गेलेली, घटाघट प्यायली. मग ऑरिन.

"जोडलं."

"जोडलं," डार्ला म्हणाली आणि खटका दाबला. तेल जाईना. काटा जागचा हलेना. तिने नळी काढली, परत बसवली, परत दाबला.

"अगं पोट फुटेल माझं," ऑरिन हसत म्हणाला. "टाकी भरलीय. नियम म्हणून आलो फक्त."

"कशी भरलीय? स्टॉकर मॅडम कोरड्या आल्या."

"मघाशी पाजलंस की."

"मघाशी कधी?"

"ढगाच्या पलीकडे. तूच बोलावलंस ना?"

डार्ला काही म्हणणार, तेवढ्यात पुढून त्यांच्या टँकरचा कप्तान टनी ओरडला, "मागे गप्पांचा अड्डा काढलाय का? सोडा त्याला."

"ऑरिन, आम्ही इथून हललो नाही," डार्ला म्हणाली.

"बरं बरं, कुणाला सांगत नाही," तो म्हणाला. "आणि थँक्स हं."

"कशाचं?"

"ठेवल्याबद्दल." आणि तो गेला.

तिच्या जिभेवर अजून माशाची चव होती.

तळावर उतरल्यावर ती थेट त्याच्या विमानाकडे गेली. विमानाची देखभाल करणारा डेलगाडो शिडीवर डोकं खाजवत उभा. "टाकी काठोकाठ," तो म्हणाला. "काटा तपासला, बरोबर आहे. काठी बुडवून पाहिली, काठी खोटं बोलत नाही. तुझा भाऊ काय वल्ही मारत गेला होता का?" मग त्याने ऑरिनचा प्राणवायूचा मास्क तिच्या नाकाला लावला. "आणि हे काय? मास्कात मासे वाळवता का तुम्ही लोक?"

आल्डरचा धूर. त्यात किंचित काळी साखर.

कॅन्टीनमध्ये तिने ऑरिनला कोपऱ्यात गाठलं. तो बर्गर समोर ठेवून बसला होता, खात नव्हता.

"सांग. काय पाहिलंस?"

"तुझा टँकर. तोच. काचेवर डाव्या बाजूला ओरखडा आहे तो, तोसुद्धा. तू पालथी पडलेली. पट्टी काचेला लावलीस आणि धरून ठेवलीस. खाल्ली नाहीस. म्हणालीस, तुझा वाटा आहे, ये."

"माझा आवाज?"

"बसलेला. सर्दी झालेला." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "मस्करी करत नाहीयेस तू?"

"मी ती खाल्ली, ऑरिन. तुझ्यासमोर खाल्ली."

"हो. ते जाताना." तो गोंधळला. कपाळाला आठ्या घालून बर्गरकडे बघत राहिला, जणू उत्तर त्याच्या आत होतं. "मग तुझ्यामागे बसली होती ती कोण?"

खोपटात गादीच्या मागे बसायला जागा असते. पण त्या दिवशी तिथे कुणी नव्हतं.

"कोण बसली होती?"

तो बर्गर तसाच टाकून उठला.

तिने टनीला विचारलं, दुसरा टँकर वर होता का? नव्हता. रडारवर कुणी दिसलं का? स्टॉकर, ऑरिन, आपण आणि अस्वलं. दुसरं चिटपाखरू नाही. रेडिओवरचं सगळं बोलणं ऐकून झालं, त्यात ढगापलीकडचं काहीच नव्हतं. शेवटी वरच्यांनी काटा बदलला आणि विषय मिटवला. बरा असलेला काटा काढून दुसरा बरा काटा बसवला. डेलगाडो दिवसभर शिव्या देत होता.

ऑरिननेही सगळ्यांना तेच सांगितलं, काटा खराब असेल.

"मी डॉक्टरला सांगेन," डार्ला म्हणाली. "तुझं डोकं ठिकाणावर नाही."

"सांग. उद्यापासून मला उडू देणार नाहीत, कधीच. मग खूश?"

ती भडकून निघाली ती डॉक्टरच्या दारापर्यंत गेली. दारात उभी राहिली. टाकी भरलेली होती हे डेलगाडोने पाहिलं होतं. मासा तिने स्वतः हुंगला होता. मग डोकं नक्की कुणाचं ठिकाणावर नाही, आणि डॉक्टरला नेमकं कुणाबद्दल सांगायचं? ती परत आली.

त्याऐवजी तिने डिलिंगहॅमला नोरामावशीला फोन केला. मावशीने छोट्या विमानातून पुडकं धाडलं. मासा आईच्या हातचा नव्हता, पण त्याच झोपडीतला होता.

पुढच्या आठवड्यात अस्वलं पुन्हा आली. आकाश लख्ख, उन्हाने डोळे दुखावेत असं. फक्त पश्चिमेला ढगाचा एक पट्टा, रेघ मारल्यासारखा.

स्टॉकर तेल घेऊन गेली. ऑरिन खालून वर आला.

डार्लाने पट्टी काचेला लावली आणि धरून ठेवली. खाल्ली नाही. "हा घे तुझा वाटा," ती म्हणाली. घसा अजून बसलेलाच होता. "खाली उतरलो की देते. आख्खी."

ऑरिन बघत राहिला. हेल्मेटच्या काळ्या काचेत तिला स्वतःची खिडकी दिसत होती, खिडकीत ती, एवढीशी. त्याने मूठ दाखवली नाही. हात उघडा करून वर धरला, जसा तो अस्वलांच्या शेपटीतल्या गड्यांना दाखवायचा. अनोळखी माणसाला दाखवतात तसा.

"तेल?"

"नको. टाकी भरलीय."

"कशी भरलीय? तळावरून निघून किती वेळ झाला, तुझी निम्मी संपली असणार."

"तिकडे घेईन."

"तिकडे म्हणजे कुठे?" टनीने विचारलं.

"काही नाही, सर. पुरेसं आहे म्हटलं."

"ऑरिन!" डार्ला काचेवर थापट्या मारत ओरडली. "गाढवा, मी आहे! मीच डार्ला!"

तो खाली सरकायला लागला होता.

"तीही हेच म्हणाली," तो म्हणाला.

मग नुसता रेडिओ. स्टॉकर म्हणाली, दोन अस्वलं. स्टॉकर म्हणाली, वळली, आज लवकर कंटाळली. स्टॉकर म्हणाली, "ऑरिन, चल, फिर मागे."

मग पुन्हा स्टॉकरच,

"ऑरिन, फिर. त्या ढगात कुठे शिरतोस?"

टनीने हाक मारली. जमिनीवरून रडारवाल्यांनी हाक मारली. डार्लाने त्याला बाबांच्या होडीवरची त्याची सगळी टोपणनावं घेऊन हाका मारल्या.

ढगाचा पट्टा तसाच होता. त्यातून काही बाहेर आलं नाही.

नळी वर दुमडून ठेवलेली होती. डार्लाला ती समोर दिसत होती, रिकामी, टोकावर ऊन चमकत होतं.

"जोडलं."

ऑरिनचा आवाज. निवांत, पाय पसरून बसल्यासारखा.

"डार्ला, कुणाला जोडलंस?" टनीने विचारलं.

"कुणाला नाही. नळी वर आहे."

"जोडलं," एक बाई म्हणाली.

घसा बसलेला.

टनी पुढून म्हणाला, "डार्ला, हा तुझा आवाज होता."

तिचा हात रेडिओच्या बटणावर नव्हता. पट्टी हातातून खाली पडली होती.

जोडलेलं सोडायला दोघं लागतात. एकाने म्हटलं की दुसऱ्याने म्हणायचं. नियम आहे, कुणी मोडत नाही. तिने बटण दाबलं आणि जमेल तितकं शांतपणे म्हणाली, "सोडलं."

खरखर.

"ऑरिन, म्हण. सोडलं म्हण."

खरखर थांबली. मागे कुठेतरी ताटाचा आवाज झाला. आणि मग एक बाई बोलली. हा आवाज बसलेला नव्हता. लांब, जरा वैतागलेला, खिडकीतून बोलल्यासारखा.

"थांब गं. जेवतोय तो."