मोगऱ्यासमोरचा क्रूस

"माझ्या आईच्या कबरीवर कुणीतरी क्रूस रोवलाय. त्यापायी माझं सरपंचपद जाईल," माधुरी म्हणाली.

नगरच्या खासगी गुप्तहेर सीमा भिंगारदिवे आणि त्यांचा मदतनीस श्रीमंत पारनेरजवळच्या त्या गावात नुकतेच पोचले होते.

माधुरी बौद्ध. अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर निवडून आलेली. तिची आई दया जन्मानं ख्रिस्ती, लग्नानंतर बौद्ध झालेली. उपसरपंच गोरक्षनाथनं क्रूसाचा फोटो जोडून तक्रार केली होती: हे घर ख्रिस्ती धर्म पाळतं; ख्रिस्त्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे तिचा दाखला रद्द करा.

बौद्धांची आणि ख्रिस्त्यांची माती गावाबाहेरच्या एकाच माळावर होई.

"आता ख्रिस्ती घर एकच उरलंय, कृपादानमामाचं," माधुरीनं कबरीपाशी नेऊन सांगितलं. "आईच्या उशाशी हा मोगरा मीच लावला."

बाभळीचा क्रूस मोगऱ्यासमोर, कबरीच्या दुसऱ्या टोकाला होता. शेजारच्या जुन्या कबरींवरही नावाचा दगड एका टोकाला आणि क्रूस दुसऱ्या.

"गोरक्षनाथच, ताई! खुर्ची त्यालाच पाहिजे," श्रीमंत म्हणाला.

"तुझी प्रत्येक केस जेवणाआधीच सुटते."

गोरक्षनाथ ग्रामपंचायतीच्या ओट्यावर भेटला. "फोटो मी काढला, व्हय. रस्त्यावरनं. पन क्रूस रोवायला मला याड लागलंय का? म्हातारीच्या उशाशी क्रूस हाय, आता नाकारा म्हनावं!"

कृपादान अंगणात खाट विणत होता. "बौद्धाच्या कबरीला मी कशाला क्रूस लावू?" तो म्हणाला. भाचीकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

सीमांनी सगळ्यांना माळावर बोलावलं.

"ज्यानं क्रूस फक्त सिनेमात पाहिला, तो उशाशी रोवेल. गोरक्षनाथांना तो अजूनही उशाशीच वाटतो. म्हणजे त्यांनी आयत्या संधीचा फायदा घेतला. इथले ख्रिस्ती क्रूस पायाशी लावतात, या जुन्या कबरी पाहा. आणि ख्रिस्ती घर एकच आहे."

श्रीमंतनं मान खाली घातली.

"न्यायाच्या शेवटच्या दिवशी मेलेली कबरीतनं उठतात. उठल्यावर तिला क्रूस समोर दिसायला नको?" कृपादान पुटपुटला. मग त्याचा आवाज चढला. "आमी दोगं एकाच घरात जन्मलो. पानवठ्यावर दोगांनाबी हाकललं. तिच्या पोरीला दाखला, माझ्या पोराला, नोहाला न्हाई. कोर्ट म्हनतं, ख्रिस्ती झालास, तुझी जात गेली. गावाला हे कुनी कळवलंच न्हाई!"

"मामा, आईनं मागितला होता का क्रूस?" माधुरीनं विचारलं.

गोरक्षनाथनं मोबाईल पुढं धरला. रेकॉर्डिंग चालू होतं. कृपादाननं मोबाईलकडे पाहिलं, मग भाचीकडे.

"न्हाई. ती बौद्धच गेली. माझा मीच लावला."

त्यानं दोन्ही हातांनी क्रूस उपटला. गोरक्षनाथ मोबाईल खिशात टाकून निघून गेला.

माधुरीनं मामाचा दंड धरला. "आता खरं सांगा."

कृपादाननं क्रूसाची माती धोतराला पुसली.

"तुझी पाच वर्षं सरली की सांगीन."