ईस्ट स्टँडचा एडी

यामिनी सरदेसाईने खुर्चीत बसायच्या आधीच आपला फोन टेबलावर सरकवला.

“हा माणूस मला शोधून हवाय.”

शरयू पेंढारकरने फोनकडे न बघता तिच्याकडे बघितलं. इन्शुरन्स कंपनीसाठी खोटे क्लेम पकडण्यात शरयूची बरीच वर्षं गेली होती. आता तिचं स्वतःचं डिटेक्टिव्हचं लायसन्स होतं आणि जर्सी सिटीत स्टेशनजवळच्या इमारतीत एक लहानसं ऑफिस. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा प्रल्हाद कोपऱ्यात बसला होता. घटस्फोटानंतर चँडलर गाव सोडून तो इकडे आला, तेव्हापासून काम घरूनच. शरयूला गाडी चालवायचा कंटाळा होता आणि प्रल्हादला शनिवार-रविवारचा. त्यामुळे तिच्या केसेसना गाडी तोच चालवायचा.

“नीट सुरुवातीपासून सांगा,” शरयू म्हणाली.

“पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूमधली आमची कंपनी आम्ही विकली. मी आणि माझा भाऊ सत्यजित. मग त्याच्या हट्टापायी इथला एक क्लब विकत घेतला. हडसन हेरन्स. रग्बी लीग खेळतात.”

“म्हणजे ते हेल्मेटवालं?” प्रल्हादने विचारलं.

“हेल्मेट नाही. एका बाजूला तेरा माणसं, लांबट बॉल, आणि बघायला येणारे मूठभर वेडे.”

“वेडे नाराज आहेत?”

“अर्धे खूश आहेत. नवी बस आली, नव्या जर्सी आल्या. उरलेल्या अर्ध्यांनी गेटवर बॅनर लावलाय. ‘क्लब विकत घेता येतो, आम्ही नाही.’ तेही मी समजू शकते. पण हा एडी!”

फॅन्सच्या ऑनलाइन ग्रुपवर ‘ईस्टस्टँड एडी’ नावाने कुणीतरी लिहीत होतं. क्लबचं नाव बदलायचा विचार झाला, एडीने तो फोडला. रंग बदलायचा ठरला, तेही फोडलं. आणि आता ईस्ट स्टँड पाडून तिथे अपार्टमेंट्स बांधायचा प्लॅनही. दर वेळी फॅन्स भडकले आणि आधीच्या दोन्ही वेळी यामिनीला माघार घ्यावी लागली.

“मीटिंगला चौघंच असतो. मी, सत्यजित, मॅनेजर मोना, आणि फॅन्सचे प्रतिनिधी गुरुनाथ काका. म्हणजे मोना, नाहीतर काका. मोना असेल तर तिची नोकरी गेली. काका असतील तर त्यांना ग्राउंडवर कायमची बंदी. कोण ते तुम्ही सांगा.”

“तुम्ही मॅचेस बघता?”

“आजपर्यंत एकही नाही. मीटिंगपुरती येते आणि परत बेलव्ह्यू.”

ती गेल्यावर शरयूने प्रल्हादला एडीचं सगळं लिखाण वाचायला बसवलं.

प्रल्हाद वाचत गेला आणि त्याला एडी आवडायला लागला. त्याचं लिहिणं खुसखुशीत होतं. गेल्या मॅचला वाऱ्याने स्टँडच्या छपरावरच्या पाटीतलं एक अक्षर उडालं, तेव्हा त्याने लिहिलं होतं, ‘वाऱ्याने आपला एच खाल्ला. आता आपण नुसते एरन्स!’ त्याखाली नुसता हशा. एका बाईने लिहिलं होतं, ‘अजून मध्यंतरही झालं नाही, इतका हसवू नकोस.’

मॅचनंतर सगळे कोपऱ्यावरच्या डॉकयार्ड बारमध्ये जमायचे. एडीला दर वेळी आग्रह व्हायचा. त्याने एकदा विचारलं होतं, ‘आत खूप गर्दी असते का? एकट्या माणसाने आलेलं चालतं?’ आणि मग, दर वेळेसारखंच, ‘पुढच्या वेळी नक्की.’

प्रल्हादने ते दोनदा वाचलं. डॉकयार्ड बारवरून तो रोज जायचा. आत कधी गेला नव्हता.

“काही सापडलं?” शरयूने विचारलं.

“माणूस चांगला आहे.”

“ते मी विचारलं नव्हतं.”

शनिवारी ते ग्राउंडवर गेले. पूर्वेला एकच लांब स्टँड, वर पत्र्याचं छप्पर. छपराच्या मैदानाकडच्या कडेवर क्लबचं नाव मोठ्या अक्षरांत, त्यातलं एक गायब. समोर पश्चिमेला खेळाडूंच्या खोल्या आणि त्यांच्यावर मालकांचा काचेचा बॉक्स. बाकी दोन्ही बाजूंना कुंपण.

मोना मैदानाच्या कडेला मायक्रोफोन तपासत होती. इथेच जन्मलेली, मराठीत सुरू करून इंग्रजीत संपवणारी.

“लुक, मी जर लीक केलं असतं ना, तर ओपनली केलं असतं. यामिनीला मी तोंडावर सांगितलंय, हा प्लॅन हॉरिबल आहे.”

“मॅच चालू असताना तुम्ही कुठे असता?”

“इथेच. अनाउन्समेंट मीच करते. फोनला हात लावायला टाइम नसतो.”

“आणि संध्याकाळी?”

“डॉकयार्ड. एव्हरी सिंगल टाइम. माझं नाव कोरलेला स्टूल आहे तिथे.”

सत्यजित वरच्या बॉक्समध्ये होता. चाळिशीकडे झुकलेला, हळू बोलणारा. भल्यामोठ्या खोलीत खुर्च्यांच्या रांगा होत्या. बाकी सगळ्या गाद्या कोऱ्या, काचेजवळच्या एकीची तेवढी बसून बसून चपटी झालेली. प्रल्हादला उगाच आपल्या घरचा सोफा आठवला.

“कॉफी घेणार?” सत्यजितने स्वतःच कप भरले. “एडी सापडला तर काय करणार तुम्ही?”

“तुमच्या ताईंना सांगणार. तेवढंच आमचं काम,” शरयू म्हणाली. “गुरुनाथ काकांनाही भेटायचंय. त्यांना इकडे बोलावता येईल?”

“नको, नको. तुम्हीच जा. त्यांच्या गुडघ्याला जिना सोसत नाही.”

गुरुनाथ काका स्टँडच्या अगदी वरच्या रांगेत बसले होते. मूळ नागपूरचे, आता एकटेच. मैदानावर सराव चालू होता आणि ते प्रत्येक पासला मान हलवत होते.

“बायको गेली तेव्हा मुलगी म्हणाली, डॅड, गो आउट समव्हेअर. बाहेर पडलो तर हे ग्राउंड दिसलं. नियम काही कळत नव्हते. शेजारच्याने समजावले, पुढच्या मॅचला त्याने माझी जागा धरून ठेवली.” त्यांनी शेजारचा बाक थोपटला. “माझी जागा कुणी धरून ठेवल्याला बरीच वर्षं झाली होती.”

“एडी तुम्हीच आहात, असं यामिनीताईंना वाटतं.”

काका मोठ्याने हसले. “मला साधं टाइप करायला अर्धा तास लागतो! पण एडी माझा दोस्त आहे, ते कबूल. कधी भेटलेला नाही. इथेच कुठेतरी बसत असणार. आम्ही ग्रुपबाहेर, खासगीत एकमेकांना लिहितो. गुडघ्याचं दुखणं त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही. मोनाला कळलं तर मला खालच्या रांगेत आणून बसवेल. मीटिंगच्या दिवशीसुद्धा गोळी घेऊन ताठ चालत जातो मी.”

प्रल्हाद आपल्या वहाणांकडे बघत ऐकत होता. शरयूने मात्र छपराकडे बघितलं.

“गेल्या मॅचला अक्षर पडलं तेव्हा तुम्ही इथेच होता?”

“इथेच. धाडकन आवाज झाला. छपराचा पत्रा निघाला असं वाटलं. मध्यंतरात खाली गेलो, तेव्हा मोनाने उलटून दाखवलं. एच होता.”

परतताना गाडीत प्रल्हाद म्हणाला, “मला वाटतं, मोना. काकांना टाइप करता येत नाही.”

“उद्या मॅचच्या आधी सगळ्यांना बॉक्समध्ये बोलावू. काकांना लिफ्टने आण. मागच्या बाजूला आहे, मी बघून ठेवलीये.”

दुसऱ्या दिवशी चौघं बॉक्समध्ये जमले. यामिनीने लॅपटॉप उघडा ठेवला होता.

“एडी म्हणतो की तो ईस्ट स्टँडमध्ये बसतो,” शरयूने सुरुवात केली. “पण एच पडल्यावर मध्यंतराच्या आधीच त्याने विनोद केला. स्टँडमधल्या लोकांच्या ती पाटी डोक्यावर असते. त्यांना आवाज ऐकू आला, कोणतं अक्षर ते मध्यंतरात कळलं. म्हणजे एडीने ती पाटी समोरून बघितली.”

“समोर तर मोना असते,” यामिनी म्हणाली.

“असते, हातात माइक घेऊन. शिवाय एडीने विचारलं होतं की डॉकयार्डमध्ये गर्दी असते का, एकट्याने आलेलं चालतं का. मोना तिथे दर मॅचनंतर जाते. काकाही जातात. एडी त्या दारातून कधी आत गेलेला नाही.”

यामिनीची बोटं लॅपटॉपवर थांबली.

“तिसरी गोष्ट. काकांचा गुडघा दुखतो हे त्यांनी फक्त एडीला लिहिलं होतं. काल मला ते आणखी एका माणसाने सांगितलं. याच खोलीत, कॉफी ओतता ओतता.”

कुणीच सत्यजितकडे बघितलं नाही. तो स्वतःच उठून उभा राहिला.

“मी आहे एडी,” तो म्हणाला.

“तू?” यामिनी जवळजवळ ओरडली. “माझ्यासमोर नाही म्हणता येत नव्हतं तुला? अर्धा मालक आहेस तू!”

“तुला नाही म्हटलं की तू आठवडा-आठवडा बोलत नाहीस, ताई. आणि तुझ्याशिवाय माझ्याशी बोलणारं दुसरं कोण आहे?” त्याचा आवाज अगदी खाली आला. “क्लब घेतला तेव्हा वाटलं, आता आपली माणसं मिळतील. मला बघितलं की लोक गप्प व्हायचे. मग एकदा खोट्या नावाने लिहिलं, आणि उत्तरं आली. मी दिसलो नाही की कुठायस म्हणून विचारायला लागले. ते स्टँड पाडणार म्हटल्यावर... मला दुसरं काही सुचलं नाही.”

“माझा जॉब जाणार होता,” मोना म्हणाली. “यू न्यू दॅट. आणि तू कॉफी ओतत बसलास?”

सत्यजित परत त्या चपट्या गादीवर बसला.

काका इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. “मी तुला तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहिलं होतं,” ते म्हणाले. “माझ्यासारखाच कुणी बाकावर बसून वाचतोय असं समजून लिहिलं होतं.” प्रल्हादने पुढे केलेला हात न घेता ते लिफ्टकडे गेले.

स्टँड वाचलं. सत्यजितने त्याच दुपारी बहिणीला ‘नाही’ म्हटलं आणि यामिनी ठरल्यापेक्षा लवकर बेलव्ह्यूला परतली. संध्याकाळी त्याने ग्रुपवर स्वतःच्या नावाने सगळं लिहून टाकलं. काही जण हसले, काहींनी आभार मानले. बऱ्याच जणांनी लिहिलं की पैसेवाल्याने आधी क्लब विकत घेतला आणि मग आमची मैत्री फुकटात उचलली. काकांनी काहीच लिहिलं नाही.

“केस संपली,” शरयू म्हणाली.

पुढच्या घरच्या मॅचला प्रल्हाद एकटाच गेला.

सत्यजित ईस्ट स्टँडमध्ये मधल्या रांगेत बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. लोक यायचे, त्याला बघायचे आणि पुढे सरकायचे.

“इथे कुणी आहे?” प्रल्हादने विचारलं.

“नाही.”

प्रल्हाद बसला. हेरन्स हरत होते. मग प्रल्हादने सहा टॅकलचा नियम काय असतो ते विचारलं आणि सत्यजितने हातवारे करत समजावून सांगितलं, आधी चाचरत, मग भराभर.

मध्यंतरानंतर गुरुनाथ काका कठड्याला धरून पायऱ्या उतरत होते. या दोघांच्या रांगेपाशी ते दम घ्यायला थांबले. सत्यजितकडे न बघताच, मैदानाकडे तोंड करून म्हणाले, “तो सहा नंबरचा पोरगा ऑफसाइड होता.”

“होता,” सत्यजित म्हणाला. “स्पष्ट होता.”

“रेफरी आंधळा आहे,” काका म्हणाले, आणि आणखी थोडा वेळ तिथेच उभे राहिले.