मागाखालचा आरसा

१९५४ च्या हिवाळ्यात माझा मुलगा ताराचंद आणि सून पुष्पलता शनिवार-रविवार लग्नासाठी उमरेडला गेले. मिलच्या चाळीतून निघून आधी माझ्याकडे आले आणि चार वर्षांच्या गोपिकेला ठेवून गेले. पुष्पलतेचं पहिलं मूल गेलेलं होतं. गोपिकेला ती एक रात्रही कुणाकडे सोडत नसे. पण पोरीचा गोवर नुकताच उतरला होता, आणि छोट्या रेल्वेगाडीतला धूर तिला सोसला नसता.

"मामाजी, तिले मागाच्या खड्ड्यात उतरू देऊ नका," निघताना पुष्पलता म्हणाली.

"अवं, तुह्या नवऱ्याले याच खड्ड्याच्या काठावर वाढवलं मी."

"म्हणूनच सांगून राह्यली."

तांडापेठेतलं माझं घर म्हणजे पुढं ओटा, मागं चूल आणि मधे माग. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या लाकडी पट्ट्यांवर. कापडाची सुलटी बाजू खाली असते. म्हणून किनार तपासायला मी खड्ड्यात एक आरसा ठेवत असे. तेव्हा मागावर लाल किनारीचं लुगडं होतं.

दुपारी गल्लीतले माग एकेक करून थांबले. कौलांच्या फटीतून ऊन उतरलं होतं, सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास सुटला होता. गोपिका खड्ड्याच्या काठावर पालथी पडून खाली बघत होती.

"कोणाशी बोलून राह्यली वं?"

"खालच्या पोरीशी. तिले फुटाणे पाह्यजे, आबाजी."

"तिले म्हणा, पह्यले आंघोळ कर." सकाळपासून गोपिकेनंच आंघोळ टाळली होती.

ती खाली वाकली, मग वर बघून म्हणाली, "तिथं पाणीच नाही म्हणते."

मी हसून मूठभर फुटाणे दिले. तिनं ते आरशावर टाकले. काचेवर पडल्याचा आवाज झाला नाही. मी हात घालून चाचपलं. एकही फुटाणा नव्हता. उंदीर असेल, असं मी ठरवलं.

उन्हं कलल्यावर किनार बघायला वाकलो. आरशात किनार स्वच्छ दिसत होती, आणि तिच्या कडेनं गोपिका डोकावत होती.

"बाजूले हो वं, उजेड अडला."

तेवढ्यात तिचं हसू ओट्यावरून ऐकू आलं. शेजारच्या मैनाबाईसोबत ती बाहेर बोरं खात बसली होती.

मी आरसा पालथा घातला आणि त्यावर पाट ठेवला.

रविवारी सकाळी गोपिका रुसली.

"तिचं दार काहून लावलं?"

"झोपली असन ते."

"नाही. अंधारात बसून राह्यली. तिले इकडं यायचं हाय."

त्या दिवशी मी मागावर बसलो नाही. जेवणानंतर तिला कुशीत घेऊन पडलो. तिनं माझ्या धोतराचा सोगा मुठीत धरला होता. बाहेर कुणीतरी सूत उकलत होतं, रहाटाची घरघर मंद होत गेली. झोपेतच मला पावडीचा आवाज आला. फार हलका, पिसासारख्या पायाचा.

जागा झालो. सोगा मोकळा होता.

पावडी हलत होती.

गोपिका खड्ड्यात बसली होती. पाट बाजूला, आरसा उताणा.

मी तिला वर घेतलं. पाय गार होते. घर पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी ती भिंतींकडे बघत राहिली.

भात कालवून दिला. तिनं डाव्या हातानं घास घेतला.

"उजव्यानं, बाई."

तिनं दोन्ही हात निरखले आणि पुन्हा डावाच उचलला.

मी तिच्या झग्याची बाही वर केली. देवीची लस टोचणारा आला तेव्हा तिचा डावा दंड मीच धरला होता. वण उजव्या दंडावर होता.

तिला उचलून मी खड्ड्याकडे नेलं. काठाशी पोचताच तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली. ती थरथरत होती. मला तिला खाली ठेवता आलं नाही.

दिवेलागणीला ताराचंद आणि पुष्पलता परत आले. पोर आईच्या खांद्यावर मान टाकून निवांत झाली.

"खड्ड्यात नाही ना उतरली, मामाजी?"

"नाही," मी म्हणालो.

पुष्पलता हसली. जाताना पोरीनं मला हात हलवून दाखवला. डावा.

ते गेल्यावर कंदील घेऊन खड्ड्याशी बसलो. कुणी अगदी जवळ तोंड नेऊन श्वास सोडावा, तशी आरशाची काच धूसर झाली होती. मी ती सोग्यानं पुसली. मग पुन्हा, जोर लावून पुसली.

वाफ आतल्या बाजूनं होती.