दोनशे पाच वाढीव माणसं

मोबाईलचा टॉवर कुठे उभारायचा हे ठरवणं माझं काम. लोकांना वाटतं, आम्ही डोंगरमाथ्यावर उभे राहून दुर्बिणीतून मुलूख न्याहाळतो. आम्ही खुर्चीत बसून तक्ता भरतो: कुठे किती माणसं, त्यांची वयं काय, दिवसातून कधी आणि किती वेळ फोनवर. दोनशेच्या आत माणसं असली तर टॉवर नाही. ताईच्या वस्तीत चौदा होती. फोन प्रत्येकाकडे, रेंज कोणाकडेच नाही.

ताई माझी सख्खी, थोरली. दरीतल्या सात घरांपैकी एक तिचं. भाऊजींचं हृदय अधूनमधून संप पुकारायचं आणि फोन लावायला तिला वीस मिनिटं टेकडी चढावी लागायची.

"मी वर पोचेपर्यंत हे खाली थांबतील का रे?" तिनं एकदाच विचारलं.

मी तक्त्यात दोनशे पाच माणसं वाढवली. एकदा हात सुटला की सुटतोच. एकतीस म्हातारे घातले, त्यांना बोलायची हौसही भरपूर दिली. फोन अखंड चालू दिसले तर साहेबांना संशय येईल, म्हणून सगळ्यांना दुपारी दोन ते चार झोपवलं.

साहेबांना संशय आला नाही. फक्त चाचणी हवी होती: ट्रकवरचा तात्पुरता टॉवर दरीत न्यायचा आणि किती फोन जोडले जातात ते पाहायचं. मी राजीनामा लिहून, खिशात घालूनच निघालो.

सकाळी अकराला सोबत आलेल्या तंत्रज्ञ पोरानं टॉवर सुरू केला. लॅपटॉपवर आकडा आला, चौदा. मी खिशाकडे हात नेला. तेवढ्यात तीस. मग ऐंशी. मग दीडशे. आकडा दोनशे एकोणीसवर थांबला.

बाहेर सात घरं, दोरीवरचे कपडे आणि एक कुत्रं. अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, नाचावंसंही वाटलं.

"माणसं कुठंयत?" तंत्रज्ञ पोरानं विचारलं.

"घरात असतील."

तो सात घरांकडे बघत राहिला.

दोनला दोनशे पाच फोन एकदम गप्प झाले.

चारला एकदम बोलायला लागले. एकमेकांशीच.

मी चाचणीच्या अहवालावर सही केली. टॉवर उभा राहिला.

तिसऱ्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, ताईनं भाऊजींच्या उशाशी बसून फोन लावला. रुग्णवाहिका वेळेत आली, भाऊजी वाचले. दवाखान्याच्या दारात मी ड्रायव्हरचे हात धरले. त्या आडवाटेला रस्ता चुकला नाहीत, हे उपकारच, म्हणालो.

"चुकणार कसा? फाट्यापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंना माणसं उभी, हात दाखवत. दोनशे तरी असतील."

तो वही उघडून लिहायला लागला.

"कोणी मदत केली, तेही आम्हाला लिहावं लागतं. म्हणून एका आजोबांना नाव विचारलं." त्यानं पेन झटकलं. "तर म्हणाले, अजून ठेवलेलं नाही."