ओहोटीला फिरलेली बोट

खारदांड्याचा माणिक तांडेल त्या सकाळी समुद्रावर निघाला तो मासळीसाठी नव्हे, बुडालेल्या बोटीचं इंजिन वर काढायला. परवाच एका जहाजाच्या धडकेत त्याची बोट तळाला गेली होती. माणसं वाचली, पण इंजिनाशिवाय त्याला दुसरी बोट उभी करता येणार नव्हती. खारं पाणी लोखंडाला दया दाखवत नाही. आज नाही तर कधीच नाही!

आजची बोट दुसऱ्याकडून मागून आणलेली. सोबत खलाशी निलेश आणि मरोळला राहणारा मालवणी पाणबुड्या सहदेव. सहदेव तोंडात नळी धरून खाली उतरायचा आणि बोटीवरचा डिझेल कंप्रेसर त्याला वरून हवा पुरवायचा. कंप्रेसरचा धूर आत ओढला जाऊ नये म्हणून त्याचं हवा ओढायचं तोंड वाऱ्याच्या बाजूला बांधायचं, एवढी अक्कल सगळ्यांना होती. निलेशनं तसंच बांधलं.

पाणी चहासारखं गढूळ. सहदेव पहिल्यांदा रिकाम्या हातानं वर आला. दुसऱ्यांदा बोट सापडली, पण फाटक्या जाळ्यात पाय अडकला आणि सुरी चालवून तो कसाबसा सुटला. एव्हाना ओहोटी लागली होती. ती जोरात आली की तळातली बोट आणखी खोल सरकणार!

तिसऱ्यांदा सहदेव वर आला तो हसतच. "एकच बोल्ट रवलो हा, तांडेल! पण वायच डोक्या दुकता."

"एवढा काढ नि मग खुशाल झोप!" माणिक म्हणाला. हातातोंडाशी आलेला घास कोण सोडतो?

सहदेव खाली गेला. माणिकनं त्याच्या कमरेला बांधलेल्या दोराला एक हिसका दिला. खालून एक हिसका आला, म्हणजे ठीक. थोड्या वेळानं पुन्हा दिला. काहीच नाही. पुन्हा. काहीच नाही!

तेवढ्यात त्याच्या डोळ्यांत धूर गेला. सकाळपासून जो धूर पाठीमागे जात होता, तो आता तोंडावर येत होता. त्यानं किनारा शोधला. डावीकडचा किनारा उजवीकडे आला होता! वारा तोच होता. ओहोटीनं नांगरावरची बोट फिरवली होती. हवेचं तोंड धुरात होतं.

"खेच, निलेश! खेच!"

दोघांनी जीव खाऊन दोर ओढला. सहदेव वर आला तो ओल्या पोत्यासारखा. चेहरा मात्र गुलाबी, निरोगी दिसणारा! त्याला कुशीवर वळवला, पाठीवर थापा मारल्या. अखेर तो खोकला, ओकला.

"माका... काय जाला?"

निलेश हळूच म्हणाला, "रामनाथदादाच्या वेळेला पण अशीच बोट फिरलेली. असाच धूर. मला तेव्हाच वाटलेलं, धुरानंच गेला."

रामनाथ माणिकचा थोरला भाऊ. गेल्या वर्षी असाच नळी धरून उतरला आणि मेला. माणिक त्या बोटीवर नव्हता, निलेश होता. दर्यानं नेला, म्हणाला सगळा गाव. चेहऱ्यावर काय तेज होतं, म्हणाल्या बायका. तोच गुलाबी रंग आज सहदेवच्या चेहऱ्यावर होता, विषारी धुराचा.

"मग बोलला का नाय रं?"

"मेलेल्याचं नाव बोटीवर घ्यायचं नाय ना, तांडेल."

ही रीत निलेशला माणिकनंच शिकवली होती. त्याला मारायला उचललेला हात तसाच खाली आला.

माणिकनं नांगराचा दोर कापला. इंजिन एका बोल्टावर तळाशीच राहिलं. सहदेव इस्पितळात ऑक्सिजनवर गेला आणि वाचला. त्याचा आनंद माणिकला होईना. एक शब्द वेळेवर निघाला असता तर सहदेव आज मरणाच्या दारात गेला नसता. रामनाथसाठी मात्र कुठलाच शब्द उरला नव्हता.

संध्याकाळी बंदरावर त्यानं रामनाथच्या बायकोला, सरूबाईला, सगळं सांगितलं. तिच्या हातातली सुकी मासळी खाली पडली.

"दर्यानं नेला म्हणत होते तोवर बरं होतं, भावजी. दर्याशी कोण भांडणार?" ती म्हणाली. "आता मी कुणाशी भांडू?"

शेजारच्या बोटीवरचे दोघे रामनाथचं नाव ऐकून तोंड फिरवून चालू लागले. त्यांच्या बोटीवरही कंप्रेसर होता.

सरूबाईनं डोळे पुसले नाहीत. माणिकचं मनगट धरून तिनं त्याला उभं केलं.

"परत सांग. मना ऐकवत नाय. तरी त्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं सांग!"